नावाखालचा चौकोन

तिला वायरबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. समोर ‘मॅडम’, आणि जिना उतरताना, ‘आज वायरबाईचा पारा चढलाय, फोन उद्या दाखव.’ तिला हे ठाऊक होतं. नाव कुणी ठेवलं तेही ठाऊक होतं, आणि मनातून तिला त्याचा अभिमानच वाटायचा. ज्याच्या हातात काहीच नसतं त्याला लोक नावंसुद्धा ठेवत नाहीत.

कंपनी काही फार मोठी नव्हती. खाली फरशीचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या आणि एक लांबट हॉल. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे पण त्याच्यासाठी वेळ नाही, अशांकडे ही कंपनी सेवेला बायका पाठवायची. एकूण बावीस बायका. सकाळी आठ ते दोन, नाहीतर दोन ते आठ. उठवायचं, बसवायचं, अंग पुसायचं, औषध द्यायचं आणि वर शिव्या खायच्या. प्रत्येकीला कंपनीचा एक फोन. बाई कामाच्या घरात शिरली की फोन परस्पर ऑफिसला कळवणार, बाहेर पडली की तेही कळवणार. चोरावर पोलीस एवढी नजर ठेवत नाहीत.

असा फोन पेटीतून काढला म्हणजे कामाचा होत नाही. त्यात कंपनीची सगळी व्यवस्था भरावी लागते, आणि तो कोणाचा आहे हे त्याला शिकवावं लागतं. ऑफिसात याला ‘अ‍ॅक्टिव्हेट करणं’ म्हणत. वायरबाई म्हणायची, ‘फोन नावावर करणं’. आणि हे काम ती वायरीनं करायची. कोपऱ्यातल्या टेबलावर तिचा संगणक, त्याला जोडलेला एक दहा तोंडांचा डबा, प्रत्येक तोंडातून एकेक वायर. बाईनं समोरच्या खुर्चीत बसायचं. वायर लागली की प्रश्न यायचा.

‘नाव?’

‘अहो मॅडम, चार वर्षं झाली मला इथे. अजून माझं नाव माहीत नाही?’

‘मला माहीत आहे. तुझ्या फोनला माहीत नाहीये. बोल.’

नाव पडद्यावर उमटायचं, शेजारी नंबर उमटायचा, बाईनं तो स्वतः वाचून दाखवायचा. मग फोटो. मग फोनच्या पाठीवर नावाची चिकटपट्टी. आणि सगळं भरून होईपर्यंत वायरबाईचं प्रवचन. ‘हा फोन तू कुठे आहेस ते बघतो. काय बोलतेस ते ऐकत नाही. बाजारात घेऊन गेलीस तर बाजारही दिसेल. दोन वाजले की बंद कर आणि पिशवीत टाक. बंद कसा करायचा? दाखव मला. असा नाही. परत.’ हे सगळं सांगायला तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. मालकिणीला तर ते कळलंच नाही तर बरं. एका फोनला अकरा मिनिटं लागत.

खोटं कशाला बोला, तिला ती अकरा मिनिटं आवडायची. एरवी ऑफिसात तिची किंमत काय? साहेब लोक तिच्या अंगावरून जाताना भिंतीवरून जावं तसे जायचे. पण त्या खुर्चीत बसलेल्या बाईला हलता यायचं नाही, आणि वायर काढायची कधी ते वायरबाई ठरवायची.

मग नवा साहेब आला. कडक इस्त्री, मऊ बूट, आणि कानात सतत काहीतरी खुपसलेलं. पहिल्याच दिवशी तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि वायरींकडे असा बघायला लागला, जसं काही डब्यातून साप निघालेत.

‘अकरा मिनिटं? एका फोनला?’

‘हो.’

‘म्हणजे बावीस फोनांना चार तास.’

‘चार तास दोन मिनिटं.’

‘मी पंधरा मिनिटांत करतो. सगळे. एकही वायर न लावता.’

‘पंधरा मिनिटांत साहेब, बायका चपला काढून बसतात.’

हॉलमध्ये दोघीतिघी खुसखुसल्या. साहेब हसला नाही. ‘जग बिनतारी झालंय, बाई. तुम्ही अजून दोऱ्या विणताय.’

नावं ठेवायला वायरबाईही काही कमी नव्हती. त्याच दुपारी त्याचं बारसं झालं. ‘बिनतारी साहेब,’ ती चहाच्या कपाआडून म्हणाली, ‘तार नाही आणि तारतम्य तर त्याहून नाही.’ संध्याकाळपर्यंत बावीस घरांत हे नाव पोचलं. याला मात्र खरंच वायर लागली नाही.

सोमवारी सकाळी नवे फोन वाटले गेले. वायरबाईला हुकूम होता की मदतीला हजर राहायचं, पण हात लावायचा नाही. म्हणून ती दारात हाताची घडी घालून उभी राहिली. भिंतीवर साहेबानं एक लांबलचक कागद चिकटवला होता. कागदावर वरपासून खालपर्यंत ठिपक्यांचे चौकोन, एकाखाली एक, बावीस. प्रत्येकीचा वेगळा. आपल्या चौकोनावर फोन धरायचा, हवेतून सगळं आपोआप फोनमध्ये उतरणार, आणि फोन नावावर होणार. नाव विचारायला नको, खुर्ची नको, प्रवचन नको.

फक्त एक गोष्ट होती. साहेबानं प्रत्येकीचं नाव तिच्या चौकोनाच्या खाली छापलं होतं. साहेबाच्या जगात तसं असेल. चित्र वर, नाव खाली. पण या बायका रोज कामाचा तक्ता वाचत आल्या होत्या, आणि तक्त्यात आधी बाईचं नाव, मग त्याच्या खाली घराचा पत्ता. आपलं नाव शोधायचं आणि खाली बघायचं. वर्षानुवर्षांची सवय. डोळा आपोआप खाली घसरतो. आणि कागदावर चौकोन आणि नावं इतकी खेटून होती की कुठलं नाव कुठल्या चौकोनाचं हे देवालाच माहीत.

पहिली बाई पुढे झाली. बोटानं आपलं नाव शोधलं, आणि नावाखालचा चौकोन घेतला. तो दुसरीचा होता. दुसरीनं तिसरीचा घेतला. फोन टुणटुण वाजत होते, हिरवी टिकली दाखवत होते. फोनला काय, तो कुणाचाही व्हायला तयार असतो.

वायरबाईला तिसऱ्या बाईच्या वेळीच कळलं. साहेब पाठ करून खिडकीशी फोनवर बोलत होता. ‘अहो थांबा,’ एवढं म्हणायचं होतं, दोन शब्द. पण तिला म्हटलं गेलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून? बरं, नाही लावत. घ्या. चौथी, पाचवी, सहावी. आठव्या नंबरला हसरी म्हणून एक बाई होती, सगळ्यांची लाडकी. तिची उगाच फरपट होईल असं वाटून वायरबाईनं खरंच तोंड उघडलं.

आणि तेवढ्यात हसरीच्या मागे उभी असलेली नववी बाई तिला दिसली. तिची थोरली जाऊ.

वायरबाईनं उघडलेलं तोंड मिटलं.

या दोघींचं वैर सहा वर्षांचं. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा थोरलीनं तिचं सगळं केलं, धाकटी ऑफिसात जात राहिली. सासू गेल्यावर, माणसांनी भरलेल्या घरात, थोरली मोठ्यानं म्हणाली होती, ‘हिला वायरी कळतात, माणसं कळत नाहीत.’ झालं. त्यानंतर बोलणं बंद. सासूच्या सेवेत शिकलेल्या विद्येवर थोरलीनं याच कंपनीत काम मिळवलं, तेव्हा जुना फोन नावावर करायला तिला वायरबाईच्या खुर्चीत बसावंच लागलं होतं. अकरा मिनिटं दोघी दोन भिंतींकडे बघत होत्या. थोरलीनं नाव सांगितलं ते असं, जसं पोलिसाला सांगावं.

त्या थोरलीनं आता चष्मा कपाळावर सरकवला, नाव शोधलं, आणि नावाखालचा, म्हणजे दहाव्या बाईचा चौकोन घेतला. टुण. वायरबाई बघत राहिली. तिला बरं वाटलं, अगदी आतून.

बाविसावीच्या नावाखाली चौकोनच नव्हता. ‘साहेब, मला नाही आला.’ साहेबानं कानावरचा हात न काढता कागदाकडे बघितलं. ‘वरचा एक उरलाय ना? तो घे.’ सतरा मिनिटांत सगळं उरकलं आणि साहेबानं स्वतःसाठी स्वतःच टाळी वाजवली.

मंगळवारी ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर बावीसच्या बावीस नावं लाल. एकही बाई आपल्या ठिकाणी नाही! ही नदीपलीकडे, ती स्टेशनाकडे, जिला डोंगराकडच्या वस्तीत पाठवलं ती कुठल्या सोसायटीत बसलीय. शहाणा माणूस म्हणाला असता, बावीस बायका एकाच दिवशी चुकल्या म्हणजे चूक बायकांची नाही. बिनतारी साहेब म्हणाला, ‘नवीन सिस्टीम आहे. बसेल हळूहळू.’ आणि त्यानं पडदा बंद करून ठेवला.

वायरबाई टेबलाशी बसून वाट बघत होती. तो येईल. खाली मान घालून येईल आणि म्हणेल, ‘बाई, जरा तुमच्या वायरी काढा.’ विचारलं असतं तर तिनं लगेच सांगितलं असतं. पण विचारायला तो आला पाहिजे. आपण होऊन कशाला? बुधवारीही तो आला नाही.

गुरुवारी थोरलीच्या कामाच्या घरातला म्हातारा पडला. पलंगावरून उतरायला गेला, मनगट मोडलं. मुलगा ऑफिसातून धावत दवाखान्यात आला, आणि आल्या आल्या कंपनीला फोन. ‘तुमची बाई कुठे होती?’

बिनतारी साहेबानं पडदा लावला. थोरलीच्या नावापुढे लाल. सकाळी आठ ते दोन बाई कालव्यापलीकडच्या वस्तीत होती, म्हाताऱ्याच्या घरापासून चार किलोमीटरवर.

म्हणजे बघा. बाकीच्या एकवीस जणींचं लाल ‘हळूहळू बसणार’ होतं. ज्या एका बाईची तक्रार आली तिचं लाल मात्र ब्रह्मवाक्य. त्याच पडद्यावरचं, त्याच रंगाचं. कागद मालकाच्या बाजूनं बोलला की पुरावा, बाईच्या बाजूनं बोलला की बिघाड.

थोरलीला घरी बसवलं. मंगळवारी चौकशी. ‘रुग्णाला एकटं टाकून गेली’ असा शेरा तिच्या कागदावर पडला असता तर त्या शहरातल्या एकाही कंपनीनं, एकाही घरानं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. पन्नाशीला आलेली बाई. येत होतं ते एवढंच काम.

रविवारी संध्याकाळी वायरबाईचा नवरा भांडी पुसत होता. तो शाळेची बस चालवायचा, आणि बसमध्ये दिवसभर आरडाओरडा ऐकल्यामुळे घरी फार बोलायचा नाही.

‘दादाचा फोन आला होता,’ तो म्हणाला.

‘मग?’

‘वहिनी जेवत नाहीये.’

‘तोंड बंद ठेवायची सवय लागेल जरा.’

त्यानं ताट ठेवलं. दुसरं घेतलं. ‘वहिनी तोंडाळ आहे. भांडकुदळ आहे. पण आईला तिनं एक मिनिट एकटं सोडलं होतं का?’

‘मला काय विचारताय? मी तर ऑफिसात होते. तुमच्या वहिनीनं सगळ्या गावाला सांगितलंय.’

‘म्हणूनच विचारतोय. ऑफिसात तू आहेस. तुला यातलं काहीच माहीत नाही?’

वायरबाईनं नळ सोडला, होता त्यापेक्षा मोठा.

‘म्हणजे माहीत आहे,’ नवरा म्हणाला, आणि पुढे एक अक्षर बोलला नाही. याच्याशी भांडणं फार अवघड. समोरच्यानं आवाज चढवला तर माणसाला आपला चढवता येतो. हा नुसता ताटं पुसत उभा राहायचा.

मंगळवारी अकराला हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. मधे मालकीणबाई, कमी बोलणारी, चष्म्यावरून बघणारी. एका बाजूला बिनतारी साहेब, पडदा लावून तयार. दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्याचा मुलगा, डोळे तांबारलेले. त्यांच्यासमोर एकटी थोरली, मांडीवर पिशवी, पिशवीत कंपनीचा फोन. वायरबाईला बोलावलं होतं ते कागद द्यायला, घ्यायला.

‘हे बघा,’ साहेब म्हणाला. ‘यंत्र खोटं बोलत नाही.’

‘मी घरातच होते,’ थोरली म्हणाली.

मुलगा उसळला. ‘घरात होतात तर बाबा पडले कसे? काय करत होतात?’

‘मोरीत चादर धुवत होते. सकाळची दुसरी. चादर का धुवावी लागली ते सगळ्यांसमोर सांगू? की तुम्हाला कळलं?’

मुलगा खाली बघायला लागला. कळलं होतं. पण साहेब कशाला थांबतोय? ‘मावशी, गोष्टी सांगू नका. तुमचा फोन कालव्यापलीकडे होता. फोन उडत गेला का?’

‘मला काय माहीत तुमचा फोन कुठे जातो! मी त्याला चावी देते का?’

मालकीणबाईनं पेन उचललं. वायरबाई पेनाकडे बघत होती. हे पेन टेकलं की संपलं. तिला आतून कोणीतरी म्हणत होतं, टेकू दे. सहा वर्षं तू माणसांत मान खाली घालतेस, एक दिवस तिला घालू दे. आणि दुसरं कोणी म्हणत होतं, अगं, पण ती घरात होती. हे तुला माहीत आहे. तुझ्याइतकं जगात कुणाला माहीत नाही.

‘एक मिनिट,’ वायरबाई म्हणाली.

साहेबाच्या कपाळाला आठी. ‘बाई, तुम्ही फक्त कागद—’

‘कागदाचंच बोलतेय. मालकीणबाई, यांच्या नावापुढे जो फोन नंबर आहे तो इथून लावा. आत्ता.’

नंबर लावला. सगळे थोरलीच्या पिशवीकडे बघत राहिले. पिशवी गप्प. पलीकडून मात्र कोणीतरी फोन उचलला आणि खळखळून हसत म्हणालं, ‘अय्या, ऑफिस? मी आजींना भरवतेय, पटकन बोला.’

हसरी. कालव्यापलीकडच्या घरातून.

‘हा थोरल्या बाईंचा नंबर,’ वायरबाई म्हणाली, ‘आणि फोन आहे हसरीच्या हातात. आता पडद्यावर दहाव्या बाईचं नाव काढा. गुरुवारी तिचा फोन कुठे होता ते बघा.’

साहेबानं काढलं नाही, म्हणून तिनंच पुढे होऊन काढलं. दहाव्या बाईचा फोन गुरुवारी सकाळी आठपासून म्हातारा पडेपर्यंत चक्क म्हाताऱ्याच्या घरात. एक पाऊल बाहेर नाही. मग थेट दवाखान्यात. ‘दहावी त्या दिवशी स्टेशनजवळच्या घरात होती, हवं तर तिथे विचारा. हा फोन यांच्या पिशवीत आहे. लावा नंबर.’

लावला. पिशवी वाजली. थोरलीनं पिशवी अशी दूर धरली, जसं आत काही जिवंत आहे. मुलगा हळूच म्हणाला, ‘दवाखान्यात त्याच आल्या होत्या. मीच बघितलं त्यांना तिथे.’ हे त्याला आत्ता आठवलं. रागात माणसाला आपण बघितलेलंही आठवत नाही.

इथे कोणी भला माणूस असता तर म्हणाला असता, चुकलं, माफ करा. बिनतारी साहेब भला नव्हता, हुशार होता. तो मागे रेलला.

‘म्हणजे बायकांनी फोन आपसांत बदलले. मला हाच संशय होता. एकीनं दांडी मारायची, दुसरीनं तिचा फोन सांभाळायचा. हे एकीचं प्रकरण नाहीये, मॅडम. ही टोळी आहे. सगळ्यांचीच चौकशी करावी लागेल.’

मालकीणबाईनं पेन परत उचललं. आता एकीच्या जागी बावीस.

‘बदलले नाहीत,’ वायरबाई म्हणाली. ‘तुमच्या कागदानं बदलले. नाव चौकोनाच्या खाली छापलं होतंत. बायकांनी नावाखालचा चौकोन घेतला. एकेक घर सगळ्या खाली सरकल्या. बाविसावीला मिळाला नाही, तिला तुम्हीच म्हणालात, वरचा उरलाय तो घे.’

‘हा तुमचा अंदाज.’

‘अंदाज नाही.’

‘पुरावा काय?’

आता पुढे खड्डा होता, आणि तो तिनंच खणलेला. आत उडी मारल्याशिवाय पलीकडे जाता येत नव्हतं.

‘मी बघितलं,’ ती म्हणाली. ‘दारात उभी होते. तिसऱ्या बाईलाच माझ्या लक्षात आलं.’

मालकीणबाईनं चष्मा काढला. ‘तुम्ही बघितलंत? आणि बोलला नाहीत?’

‘नाही.’

‘आठ दिवस?’

‘आठ दिवस.’

‘का?’

‘साहेबांची फजिती व्हावी म्हणून.’

‘मग, झाली?’

‘झाली. पण भलत्याच माणसाची.’

निकाल दहा मिनिटांत लागला, अकरा नाही. थोरली कामावर परत, शेरा नाही, पण म्हाताऱ्याच्या मुलानं, मान वर न करता, दुसरी बाई पाठवा म्हणून सांगितलं. त्याला थोरलीच्या डोळ्याला डोळा द्यायचा नव्हता. साहेबानं नवा कागद छापायचा, नाव वर. साहेबाला शिक्षा? काही नाही. साहेबाचं चुकलं की त्याला अनुभव म्हणतात, बाईचं चुकलं की हलगर्जीपणा. तो तर जाताना म्हणाला, ‘तरीसुद्धा, सतरा मिनिटं!’

आणि वायरबाई? ‘तुमचं खरं बोलणं मला मान्य आहे,’ मालकीणबाई म्हणाली, ‘तुमचं गप्प बसणं नाही. फोन आजपासून तुमच्याकडे नाहीत. स्टोअर बघा. हातमोजे, डायपर, चादरी.’ वायरबाईनं ‘बरं’ म्हटलं. अन्याय झाला असता तर ती टेबलावर मूठ आपटून बोलली असती. हा न्याय होता, आणि न्यायाशी कसं भांडायचं ते तिला येत नव्हतं.

ती बाहेर आली तर जिन्याच्या वळणावर थोरली उभी. पिशवी छातीशी. वाट अडवून.

‘आभार मानू तुझे?’

‘नका मानू.’

‘मानणार नव्हतेच. पाच दिवस माझा नवरा माझ्या तोंडाकडे संशयानं बघतोय. लेकीच्या सासरी बातमी गेली, म्हाताऱ्याला टाकून फिरायला गेली होती म्हणून. आणि तू आठ दिवस घरी जाऊन जेवत होतीस.’

‘हो.’

खालून फरशी कापायच्या यंत्राचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत दोघी थांबल्या. मग थोरलीनं विचारलं, आवाज न चढवता, आणि हेच जास्त वाईट होतं.

‘आत तू सांगितलंस, साहेबाची फजिती व्हावी म्हणून. ते मालकिणीला. मला सांग. तिसरीला तुझ्या लक्षात आलं. मी नववी. माझा नंबर आला तेव्हा तू कुठे बघत होतीस?’

वायरबाईला सोपी उत्तरं तीन-चार तरी सुचली. गर्दी होती. आठवत नाही. तुम्ही दिसला नाहीत. थोरलीनं त्यातलं एखादं मानलंही असतं, कारण न मानण्याला काही पुरावा नव्हता.

‘तुमच्याकडेच,’ ती म्हणाली. ‘हसरीसाठी तोंड उघडलं होतं. तुम्ही दिसलात, मिटलं.’

थोरलीनं नाकातून एक श्वास सोडला. हसू म्हणावं तर हसू नव्हतं.

‘बरं झालं,’ ती म्हणाली. ‘सहा वर्षं मला वाटायचं, एका शब्दासाठी एवढं लांबवतोय, माझंच काही चुकतंय का. मनाला खायचं. आता खाणार नाही. आता भांडायला कारण आहे.’

‘आहे,’ वायरबाई म्हणाली.

‘मला दोनची ड्युटी दिलीय. सरक.’

वायरबाई भिंतीला चिकटून उभी राहिली. थोरली खाली उतरली, एकेका पायरीवर चप्पल आपटत, मागे न बघता. मग वायरबाई वर गेली. स्टोअरची किल्ली घ्यायची होती.